पॅरलल सर्किटचं व्होल्टेज जुळत नाही? चुकलेलं उत्तर खोडू नका, आधी वाचा

तक्रार दोनपैकी एका रूपात येते. एक वहीतली: "सर, बॅटरी एकच आहे, रेझिस्टर तीनच आहेत, तरी पुस्तकामागचं उत्तर येत नाही." दुसरी प्रॅक्टिकलच्या टेबलावरची: "गणिताने आठ व्होल्ट येतंय, मीटर नऊ दाखवतोय. मीटर खराब आहे." मीटर क्वचितच खराब असतो. पुण्यात डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची मुलं संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येतात आणि दर बॅचमध्ये ही तक्रार अशी येते, की जणू जगात ती पहिल्यांदाच कोणी करतंय. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

पॅरलल सर्किटमधलं चुकलेलं उत्तर सहसा वेडंवाकडं नसतं. ते दुसऱ्या कुठल्यातरी सर्किटचं अगदी बरोबर उत्तर असतं. तुमच्यापुढे एक सर्किट असतं आणि तुम्ही सोडवलेलं (किंवा ब्रेडबोर्डवर, म्हणजे सर्किट जोडायच्या भोकांच्या पाटीवर, जोडलेलं) असतं दुसरंच. ते दुसरं कोणतं हे आकड्यावरून ओळखता आलं, तर चूक शोधत बसावं लागत नाही. तेव्हा खोडरबर थोडा वेळ बाजूला ठेवा.

प्रत्येक रेझिस्टरवर वेगळं व्होल्टेज येतंय

हे उदाहरण घ्या. २, ३ आणि ६ किलोओहमचे तीन रेझिस्टर समांतर (पॅरलल) जोडलेत. तिघांत मिळून १२ मिलिअँपिअर करंट जातो. व्होल्टेज किती?

वर्गातल्या निम्म्या वह्यांत २४, ३६ आणि ७२ व्होल्ट अशी तीन उत्तरं दिसतात. करंट गुणिले रोध (रेझिस्टन्स) केलं, ओहमचा नियम लावला, मग बिघडलं कुठे? नियमात काहीच बिघडलेलं नाही. बिघाड आहे तो १२ मिलिअँपिअर तिन्ही रेझिस्टरमधून पूर्णच्या पूर्ण नेण्यात. असं होणारं सर्किट खरंच असतं: हेच तीन रेझिस्टर एकापुढे एक, एकसर (सिरीज) जोडा, दोन टोकांना १३२ व्होल्ट द्या, आणि मग २४, ३६, ७२ अगदी बरोबर येतील. तुम्ही ते सर्किट सोडवलंत.

समांतर जोडणीत सगळ्या रेझिस्टरांची एकेक टोकं एका बिंदूला असतात आणि दुसरी टोकं दुसऱ्या बिंदूला. व्होल्टेज म्हणजे या दोन बिंदूंमधला फरक. रेझिस्टर तीन असोत की तेरा, बिंदू दोनच, म्हणून फरकही एकच. डोणज्याहून सिंहगडावर कोणी आतकरवाडीच्या पायवाटेने चढतं, कोणी गाडीने घाटरस्त्याने. कुठली वाट सोपी त्यावर तिथली गर्दी ठरते, पण पायथा तोच आणि गड तोच, त्यामुळे उंची दोघांनाही तेवढीच चढावी लागते. गर्दी म्हणजे करंट, उंची म्हणजे व्होल्टेज. वाटांप्रमाणे गर्दी विभागली जाते, उंची विभागली जात नाही.

तर आधी तिघांचा मिळून रोध काढायचा. १/२ + १/३ + १/६ = १, त्याचा व्यस्त १, म्हणजे १ किलोओहम. १२ मिलिअँपिअर गुणिले १ किलोओहम, व्होल्टेज १२. मग पडताळा: १२ भागिले २ म्हणजे ६, १२ भागिले ३ म्हणजे ४, १२ भागिले ६ म्हणजे २ मिलिअँपिअर. बेरीज १२. जुळलं.

इथे किलोओहमचे ओहम आणि मिलिअँपिअरचे अँपिअर करण्याच्या भानगडीत पडू नका. किलोओहम गुणिले मिलिअँपिअर म्हणजे थेट व्होल्ट, कारण हजार आणि हजारांश एकमेकांना खातात. शून्यं मोजता मोजता ज्यांचं उत्तर ०.०१२ किंवा १२,००० येतं, त्यांनी एवढी एक सवय लावून घेतली तरी पुष्कळ झालं. फक्त मिसळ करू नका: एक रेझिस्टर ४७० ओहमचा आणि दुसरा २.२ किलोओहमचा असेल तर पहिला ०.४७ किलोओहम लिहा.

व्यस्त करायचा राहिला

वरचं उदाहरण शिकवायला गोड आहे आणि तीच त्याची खोड आहे. १/२ + १/३ + १/६ बरोबर १ येतं, आणि १ चा व्यस्त १च. म्हणजे शेवटी व्यस्त करायला विसरलात तरी उत्तर बरोबर येतं! असं उदाहरण पहिल्या दिवशी देणाऱ्याने दुसऱ्या दिवशी लगेच वेगळं द्यायला हवं, नाहीतर पोरं चुकीची पद्धत पक्की करून घरी जातात.

वेगळं म्हणजे ३ आणि ६ किलोओहम. १/३ + १/६ = ०.५. इथेच थांबलात तर ०.५ किलोओहम, व्यस्त केलात तर २ किलोओहम. बरोबर उत्तर २.

"समांतर जोडणीचा एकूण रोध सगळ्यात लहान रोधापेक्षाही लहान असतो" हा पडताळा सगळ्यांना पाठ असतो. तो लावून बघा. ०.५ हे ३ पेक्षा लहान आहे, म्हणजे चुकलेलं उत्तरही पास! हा पडताळा अर्धाच आहे. दुसरा अर्धा सहसा कोणी सांगत नाही: एकूण रोध हा सगळ्यात लहान रोध भागिले रेझिस्टरांची संख्या, याच्या खाली कधीच जात नाही. कारण सगळे रेझिस्टर त्या लहानाएवढेच असते तर बरोबर तेवढा आला असता; बाकीचे मोठे आहेत म्हटल्यावर तो त्याहून वरच राहणार. इथे रेझिस्टर दोन, लहान ३ किलोओहम. म्हणजे उत्तर १.५ आणि ३ यांच्या मध्ये हवं. २ बसतो, ०.५ बसत नाही. तोंडी दोन सेकंदांत होणारा हिशोब आहे, परीक्षेत नक्की करा.

"गुणाकार भागिले बेरीज" हे सूत्र दोन रेझिस्टरांसाठीच आहे. तिघांना लावलंत तर २ × ३ × ६ भागिले ११, म्हणजे ३.२७ येतं. ते २ पेक्षा मोठं आहे, त्यामुळे पहिल्याच पडताळ्यात पकडलं जातं. शिवाय वर किलोओहमचा घन आणि खाली किलोओहम, म्हणजे हाती लागतो तो रोधच नाही. माझं मत विचाराल तर हे सूत्र मुलांना फार लवकर हातात देतात. दोन बिंदू ओळखता येण्याआधी सूत्र मिळालं की मूल आकृतीकडे बघायचं सोडतं आणि आकडे शोधायला लागतं.

मुख्य आजार: आधी एकसर, मग समांतर

नुसत्या समांतर जोडणीला थेट बॅटरी लावली असेल तर व्होल्टेज "काढायचं" असं काही उरत नाही. बॅटरी १२ ची तर प्रत्येकावर १२. खरा गोंधळ होतो तो वाटेत एक रेझिस्टर एकसर बसला की. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त याच सर्किटच्या असतात, म्हणून यावर जरा थांबू.

१२ व्होल्टची बॅटरी. तिच्या प्लसपासून १ किलोओहम. त्याच्या पलीकडच्या बिंदूला अ म्हणू. अ पासून ३ किलोओहम आणि ६ किलोओहम असे दोन रेझिस्टर समांतर, बॅटरीच्या मायनसपर्यंत. मायनसला ब म्हणू. अ आणि ब यांच्यात व्होल्टेज किती?

३ आणि ६ मिळून २ किलोओहम. त्यात १ किलोओहम मिळवला की ३. करंट १२ भागिले ३, म्हणजे ४ मिलिअँपिअर. अ-ब मधलं व्होल्टेज ४ गुणिले २, म्हणजे ८. हवं तर थेट अ बिंदूचा हिशोब मांडा, तो मला जास्त आवडतो. अ चं व्होल्टेज व धरा:

(१२ − व) ÷ १ = व ÷ ३ + व ÷ ६

डावीकडे अ मध्ये येणारा करंट, उजवीकडे अ मधून जाणारा. १२ − व = व ÷ २, म्हणून व = ८. गुस्ताव किरचॉफने १८४५ मध्ये, स्वतः विद्यार्थी असताना मांडलेला हाच तो करंटचा नियम. एका बिंदूत जेवढा आला तेवढाच गेला पाहिजे.

आता आठाऐवजी दुसरं काहीतरी आलंय. काय आलंय ते बघा.

९ आलं असेल तर ६ किलोओहमचा रेझिस्टर तुमच्या हिशोबात नाही. १ आणि ३ च्या साध्या विभागणीत १२ × ३ ÷ ४ = ९ होतं. वहीत असं तेव्हा होतं जेव्हा "मला ३ किलोओहमवरचं व्होल्टेज हवंय" म्हणून नजर फक्त त्याच्यावर राहते आणि शेजारचा ६ किलोओहम विसरला जातो.

१०.२९ आलं असेल तर उलट: ३ किलोओहम गळालाय. १२ × ६ ÷ ७. काही वह्यांत ३ वर ९ आणि ६ वर १०.२९ अशी दोन्ही उत्तरं एकाखाली एक लिहिलेली असतात. दोन्ही रेझिस्टर त्याच दोन बिंदूंत आहेत हे लक्षात असतं, तर लिहिणाऱ्याला तिथेच थांबावं लागलं असतं.

१०.८ म्हणजे ३ आणि ६ ची सरळ बेरीज करून ९ किलोओहम धरलंत. हे त्या दोघांना एकसर जोडल्याचं उत्तर.

१.२, ३.६ आणि ७.२ ही तिन्ही आली तर सगळंच्या सगळं एकसर धरलंत.

१२ आलं तर वाटेतला १ किलोओहम जणू नाहीच, त्याच्या जागी साधी वायर आहे.

४ आलं तर दोन शक्यता आहेत आणि आकड्यावरून त्यांतली कुठली ते कळत नाही. एक म्हणजे व्यस्त राहिला: २ च्या जागी ०.५ आणि १२ × ०.५ ÷ १.५ = ४. दुसरी म्हणजे सगळं बरोबर केलंत पण उत्तर १ किलोओहमवरचं लिहिलंत, कारण १२ वजा ८ म्हणजे ४च. दुसरी चूक बघायला लागल्यावर चीड येते, पण पेपर तपासणाऱ्याला ती लगेच ओळखू येते.

आणि हे आकडे फक्त वहीपुरते नाहीत. ब्रेडबोर्डवर हेच सर्किट जोडलंय आणि मीटर ९ व्होल्ट दाखवतोय? मग ६ किलोओहमचा एक पाय सुटलाय. १०.३ च्या आसपास दाखवतोय? ३ किलोओहमचा पाय बघा. वहीत विसरलेला रेझिस्टर आणि ब्रेडबोर्डवर सुटलेला रेझिस्टर, सर्किटच्या दृष्टीने दोन्ही एकच. मीटर खराब आहे म्हणण्याआधी तो काय सांगतोय ते ऐकावं.

शून्य दाखवलं तर जरा विचार करावा लागतो. १ किलोओहम सुटला असेल तरी अ-ब मध्ये शून्य, आणि अ व ब कुठेतरी थेट चिकटले असतील तरीही शून्य. दोन्ही वेळा १ किलोओहमवर मीटर लावलात तर १२च दाखवेल, त्यामुळे तिथे मोजून निकाल लागत नाही. सप्लायच्या वायरी काढा, मीटर ओहमवर घ्या आणि अ-ब मध्ये मोजा. २ किलोओहमच्या जवळ आलं तर समांतर जोडी ठीक आहे, १ किलोओहमची वाट तुटलीय. शून्याजवळ आलं तर शॉर्ट. अशीच अडचण १२ दाखवल्यावर येते: १ किलोओहम बायपास झालाय की ३ आणि ६ दोन्ही सुटलेत? त्यालाही हेच माप उत्तर देतं.

सप्लाय चालू ठेवून ओहम मोजू नका. आणि सर्किटमध्ये बसलेल्या ३ किलोओहमचा रोध मोजून "हा तर २ किलोओहमचा निघाला, दुकानदाराने फसवलं" असंही म्हणू नका. मीटरला ३ आणि ६ ची जोडी मिळून दिसते. एक पाय उपटा, मग मोजा.

आकृतीच फसवते तेव्हा

परीक्षक कधीकधी मुद्दाम आकृती वाकडी काढतात. सगळ्यांत लाडका प्रकार: तीन रेझिस्टर एका सरळ रेषेत, एकापुढे एक, आणि वरून-खालून दोन कमानी वायरी. एक वायर पहिल्याच्या सुरुवातीपासून तिसऱ्याच्या सुरुवातीला, दुसरी पहिल्याच्या शेवटापासून तिसऱ्याच्या शेवटाला. बघताक्षणी एकसर वाटतात. तिन्ही समांतर आहेत.

यावर माझा एकच इलाज, स्केचपेनं. बॅटरीच्या प्लसपासून एक रंग घ्या आणि पेन न उचलता वायरवरून जाता येईल तितकं जा. रेझिस्टर किंवा बॅटरी आडवी आली की थांबा. तिथून पुढे दुसरा रंग. सगळी आकृती रंगवून झाली की ज्या रेझिस्टरांच्या दोन्ही टोकांना तेच दोन रंग आहेत ते समांतर, मग आकृतीत ते उभे असोत, आडवे असोत, दोन कोपऱ्यांत असोत. ज्याच्या दोन्ही टोकांना एकच रंग आला तो शॉर्ट झालाय, त्यावर व्होल्टेज शून्य, त्याला हिशोबातून काढून टाका. वरच्या कमानींच्या आकृतीत तीन रेझिस्टरांना मिळून दोनच रंग येतात आणि २, ३, ६ किलोओहमचं उत्तर ११ ऐवजी १ निघतं.

मुलं हसतात, "सर, बालवाडी." हसू देत. चार दिवसांनी पेन लागत नाही, डोळाच रंगवतो.

दोन बॅटऱ्या आल्या तरी बिंदूचाच हिशोब चालतो. समजा १२ व्होल्ट २ किलोओहममधून अ ला येतंय, ६ व्होल्ट ३ किलोओहममधून अ ला येतंय आणि अ पासून ब पर्यंत ६ किलोओहम आहे. प्रत्येक व्होल्टेजला त्याच्या रोधाने भागा आणि बेरीज करा: ६ + २ = ८. खाली १/२ + १/३ + १/६ = १. व्होल्टेज ८. हे मिलमनचं प्रमेय, पण नाव न घेताही अ बिंदूचं समीकरण मांडून हेच येतं. मग करंट काढला की ६ व्होल्टच्या बॅटरीत करंट उलटा शिरतोय असं दिसतं आणि पुन्हा वर्गात आरडाओरडा. अ ला ८ आहेत आणि बॅटरी ६ ची आहे. करंट वरून खालीच येणार. १२ च्या बाजूने २ मिलिअँपिअर आले, त्यातले ०.६७ त्या बॅटरीत आणि १.३३ सहा किलोओहममधून गेले. बेरीज जुळली, विषय संपला.

गणित बरोबर, टेबलावर मात्र जुळत नाही

इथे आधी बॅटरीच मोजा. बारा व्होल्ट लिहिलेला जुना ट्रान्सफॉर्मरवाला ॲडॉप्टर मोकळा असताना १५-१६ व्होल्टही देतो. वहीत १२ धरून टेबलावर १५ देत असाल तर आठ कुठून येणार?

मग रेझिस्टर. वहीतला ६ किलोओहम बाजारात सहज मिळत नाही. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन मागितलात तर समोर ६.८ येईल, आणि ३ मागितलात तर बहुधा ३.३. नेहमीच्या मालिकेत हेच आकडे असतात. हे दोन्ही वापरले तर जोडीचा रोध २.२२ किलोओहम होतो आणि अ-ब मध्ये ८.२८ व्होल्ट येतं. मीटर ८.२८ दाखवत असेल तर तो खरं बोलतोय. वहीतलं सर्किट वेगळं आहे. शिवाय रेझिस्टरवरची सोनेरी पट्टी म्हणजे लिहिलेल्या किमतीपेक्षा पाच टक्के इकडेतिकडे. अगदी १, ३ आणि ६ मिळवलेत तरी सगळे पाच टक्क्यांच्या टोकाला, एकमेकांच्या विरुद्ध गेले तर अ-ब चं व्होल्टेज ७.७३ ते ८.२६ मध्ये कुठेही असू शकतं. ७.९ दाखवलं म्हणून सगळं उपटून पुन्हा जोडणारे लोक मी बघितलेत. चहा प्या, पुढचं प्रॅक्टिकल घ्या.

रेझिस्टरवरच्या पट्ट्यांचे रंग वाचताना लाल आणि नारिंगी यांत फसगत फार होते, ट्यूबलाइटखाली तर हमखास. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १०. दहापटीचा फरक आहे, बसवण्याआधी मीटरने मोजून घ्या.

ब्रेडबोर्डवर दोन जागा बघा. मधल्या भागात पाच भोकांची प्रत्येक रांग आतून जोडलेली असते. रेझिस्टरचे दोन्ही पाय त्याच रांगेत गेले तर तो शॉर्ट. आणि कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांवर मधोमध तुटलेल्या असतात, वरच्या रेषेतली फट बघितलीत तर कळेल. अर्ध्या बोर्डाला ब मिळतोय आणि उरलेल्या अर्ध्याला नाही, असं होतं. एक छोटी वायर टाकून दोन्ही अर्धे जोडा.

मीटरची लाल वायर करंटच्या भोकात राहिली आणि तशीच अ-ब ला लावली, तर करंट मोजणाऱ्या मीटरचा जवळजवळ शून्य रोध तुमच्या जोडीला समांतर बसतो. व्होल्टेज कोसळतं. वाटेत १ किलोओहम आहे म्हणून इथे निभावतं. थेट बॅटरीवर असं केलंत तर फ्यूज जातो. करंट मोजून झाला की वायर परत व्होल्टच्या भोकात, ही सवय हाताला लागली पाहिजे.

व्होल्टवर ठेवलेला मीटरही समांतर जोडलेला एक रेझिस्टरच आहे, फक्त फार मोठा. चांगल्या डिजिटल मीटरांत तो १० मेगाओहम असतो, काही स्वस्तांत १ मेगाओहम. २ किलोओहमपुढे त्याचं काही चालत नाही. पण १० व्होल्टवर दोन १ मेगाओहमचे रेझिस्टर एकसर जोडा आणि खालच्यावर मोजा. गणित ५ म्हणतं. १ मेगाओहमचा मीटर ३.३३ दाखवेल, १० मेगाओहमचा ४.७६. दोन्ही मीटर खरे आहेत. मीटर लावल्याक्षणी सर्किट बदललं आणि तुम्ही बदललेल्या सर्किटचं उत्तर वाचताय.

बॅटरीचंही तसंच. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीच्या पोटात स्वतःचा रोध असतो आणि ती जुनी झाली की तो वाढतो. समजा तो २० ओहम झालाय. त्यावर तीन १० किलोओहम समांतर लावलेत तर व्होल्टेज ८.९५, फरक कळणारही नाही. तीन १०० ओहम लावलेत तर जोडी ३३ ओहमची आणि व्होल्टेज ५.६ च्या आसपास. आकृतीत नसलेला एक एकसर रेझिस्टर बॅटरीत लपलाय. शिवाय ५.६ व्होल्टला १०० ओहमच्या प्रत्येक रेझिस्टरवर पाव वॅटपेक्षा जास्त उष्णता होते, म्हणजे साधा पाव वॅटचा रेझिस्टर चटका देईल. बोट लावून बघायची हौस नको.

गणपतीतली पट्टी

हीच तक्रार भाद्रपदात घरोघरी येते, फक्त वहीशिवाय. मखराभोवती बारा व्होल्टची पाच मीटर एलईडी पट्टी लावली, सुरुवात लख्ख, शेवट मंद. ही पट्टी म्हणजे समांतर जोडणीच आहे: तीन एलईडी आणि एक रेझिस्टर एकसर, असे गट, आणि सगळे गट एकमेकांना समांतर. मग सगळ्या गटांवर सारखंच व्होल्टेज हवं ना? हवं, दोन बिंदू खरोखर दोनच असते तर. पण पट्टीतला तांब्याचा पापुद्रा पातळ असतो आणि प्रत्येक गटापुढे थोडासा रोध एकसर बसत जातो. स्केचपेनाने रंगवायचं झालं तर इथे प्रत्येक गटाला वेगळी छटा लागेल.

आकडे बघा. दर मीटर लांबीला १४.४ वॅटवाली पट्टी असेल तर पाच मीटरला ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ६ अँपिअर. ॲडॉप्टर पाच मीटर लांब ठेवून अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरने आणलंत तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर, तिचा रोध ०.३५ ओहमच्या आसपास. ६ अँपिअरने २.१ व्होल्ट वायरीतच खपले. प्रत्यक्षात व्होल्टेज पडलं की करंटही उतरतो, त्यामुळे थोडं कमी खपतं, पण पट्टीच्या सुरुवातीलाच बारा मिळत नाही हे नक्की. पट्टी रंगीत असेल तर शेवटाकडचा पांढरा लालसर दिसायला लागतो, कारण निळ्या आणि हिरव्या एलईडींना लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि ते आधी मंदावतात. दुकानात जाऊन पट्टी बदलून आणू नका, नवीही तशीच दिसेल.

मीटर घ्या आणि चालू पट्टीवर तीन ठिकाणी मोजा: ॲडॉप्टरच्या तोंडाशी, पट्टीच्या सुरुवातीला, पट्टीच्या शेवटी. पहिल्या दोनांत फरक मोठा असेल तर वायर जाड करा, दीड चौरस मिलिमीटरची घेतलीत तर तेच २.१ चे ०.७ होतात, किंवा ॲडॉप्टरच मखरामागे आणा. दुसऱ्या-तिसऱ्यात फरक मोठा असेल तर त्याच ॲडॉप्टरपासून दुसरी वायर पट्टीच्या शेवटालाही द्या, प्लसला प्लस, मायनसला मायनस. ॲडॉप्टरच्या तोंडाशीच बारा नसतील तर तो ६ अँपिअरला पुरत नाही. आणि दोन टोकांना दोन वेगळे ॲडॉप्टर लावायचे असतील तर पट्टी मधल्या कापायच्या खुणेवर कापून दोन तुकडे करा आणि एकेक तुकडा एकेका ॲडॉप्टरवर चालवा.